ओठावर फोड आहे? मग बाळाचा मुका नको

ताप येऊन गेला की अनेकांच्या ओठाच्या कडेला पाणी भरलेले बारीक फोड उठतात. 'ताप बाहेर पडला' म्हणून आपण सोडून देतो. आठ-दहा दिवसांत खपली धरते. पण हे फोड हर्पीस नावाच्या विषाणूमुळे होतात (नागिणीचा विषाणू वेगळा), आणि मोठ्यांना नुसता चुरचुरणारा हा फोड दीड महिन्याच्या आतल्या बाळाचा जीव घेऊ शकतो. एवढ्या लहान बाळात विषाणू कातडीवर थांबत नाही, मेंदू आणि यकृतापर्यंत पोचतो.

तो पसरतो मुक्यातून, लाळेतून, फोडाला लागलेल्या बोटातून. ओठ चुरचुरायला लागल्यापासून खपली गळेपर्यंत जपायला हवे. नामकरणाला आलेले पाहुणे प्रेमानेच मुका घेतात. आजीने पुढे होऊन 'आता नको' म्हणावे, म्हणजे सुनेला वाईटपणा येत नाही. सव्वा महिन्याचा विटाळ आपण मानत नाही, मानूही नये. पण पहिला दीड महिना बाळाला गर्दीपासून दूर ठेवण्यात शहाणपण आहे.

फोड आईलाच आला तर? एका खोलीच्या घरात बाळ वेगळे कुठे ठेवणार? तशी गरजही नाही. दूध बंद करू नये. तोंडाला मास्क किंवा स्वच्छ रुमाल बांधावा, प्रत्येक वेळी साबणाने हात धुऊन बाळाला घ्यावे, मुका टाळावा. फोड स्तनावर असेल तर मात्र त्या बाजूने पाजू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

बाळाला हा संसर्ग बहुतेक वेळा बाळंतपणातच होतो. म्हणून गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, लघवीच्या जागी फोड आले तर लाज न धरता डॉक्टरांना सांगावे.

बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, झटके आले, अंगावर किंवा डोळ्याजवळ फोड दिसले, तर दृष्ट काढत बसू नका. काही बाळांना फोड येतच नाहीत. १०८ किंवा १०२ वर फोन करा. आजारी नवजात बाळाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. यावर शिरेतून देण्याचे औषध आहे, पण ते दोन-तीन आठवडे द्यावे लागते आणि जितके लवकर सुरू होईल तितके बरे. घरात कोणाच्या ओठावर फोड होता का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगा.