गिरणीचा भोंगा आणि खिशातील घंटा

मुंबईच्या गिरणगावात एके काळी कामगाराचा दिवस भोंग्याने आखून दिलेला असे. पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की कामगार चाळीची वाट धरी. साचा त्याच्या मागोमाग घरी येऊ शकत नव्हता. कचेरीतील कारकुनाचेही तसेच. कपाटाला कुलूप लागले की फायली आत आणि तो बाहेर. काम आणि घर यांच्यामधली सीमा अशी आपोआप राखली जाई.

परंतु ती सीमा फुकट मिळालेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी-कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी मांडली; रविवारची सुटी पदरी पडायला 1890 साल उजाडावे लागले. पुढे 1948 च्या कारखाना कायद्यात प्रौढ कामगारांसाठी आठवड्याला 48 तासांची मर्यादा आली.

स्मार्टफोनने नेमके काय केले? कपाट, फायली, टपाल आणि वरिष्ठांची हाक, सारे त्याने एका खिशात आणून ठेवले. त्याच खिशात मुलांची छायाचित्रे आणि आईचा निरोपही असतो. म्हणून फोन बंद ठेवावा तर घरचे अंतरतात; चालू ठेवावा तर कचेरी आत शिरते. रात्री दहा वाजता निरोप धाडणाऱ्याला दोन ओळींचेच श्रम पडतात. घेणाऱ्याचे मन मात्र भरल्या ताटावरून उठते. उत्तराला दोन मिनिटे पुरतात, पण निरोप येईल या धास्तीत सारी संध्याकाळ जाते. आणि ती कोणत्याही हजेरीपत्रकात नोंदली जात नाही.

या यंत्राचे उपकारही विसरता येत नाहीत. कचेरीत बसलेली आई तापाने फणफणलेल्या लेकराची भर दुपारी विचारपूस करू शकते, ती याच्याच बळावर. दार दोन्ही बाजूंनी उघडले आहे. ते लोटून घेण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच प्रश्न आहे.

फ्रान्समध्ये 2017 पासून 50 किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना याविषयी कामगारांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात 2024 साली, नकार अवाजवी नसेल तर, कामाच्या वेळेबाहेरच्या निरोपाकडे न पाहण्याचा हक्क मिळाला. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी या आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

कायदा व्हायचा तेव्हा होवो. तोवर निरोप धाडण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावे आणि उद्या सकाळी चालेल का, एवढे स्वतःस विचारावे. पाळी सुटल्याचा भोंगा आता आपल्यालाच वाजवावा लागेल. स्वतःसाठी, आणि आपल्या हाताखालच्यांसाठीही.