जेवणघरातले खिळे

छापखान्यातल्या शिशाच्या अक्षराला मराठीत खिळा म्हणतात आणि ते जुळवणाऱ्याला जुळारी. हे दोन शब्द मनात ठेवा आणि १९१७ साली लंडनजवळच्या रिचमंडमधल्या एका जेवणघरात डोकावा. टेबलावर हाताने चालवायचं छोटंसं छपाईयंत्र आहे. लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ या लेखक नवराबायकोनं ते १९ पौंड आणि वर काही शिलिंग मोजून आणलंय. लिहिण्याच्या ताणातून व्हर्जिनियाच्या मनाला विसावा मिळावा, हा लेनर्डचा एक हेतू. मुद्रणशाळेत प्रवेश मिळाला नाही, म्हणून यंत्रासोबत आलेली १६ पानी पुस्तिका हाच त्यांचा गुरू!

काम किती नाजूक, बघा. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. एकेक खिळा उचलून पट्टीत बसवायचा, दोन शब्दांमध्ये कोरे तुकडे घालायचे, ओळ घट्ट करायची. पान छापून झालं की सगळे खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. व्हर्जिनियानं सुरुवातीलाच ‘एच’ आणि ‘एन’ एकमेकांत मिसळून टाकले. लहान लिपीतल्या या दोन अक्षरांत फरक तो केवढा? एका दांडीच्या उंचीएवढा!

जुलैमध्ये पुस्तक तयार झालं: ‘टू स्टोरीज’, त्यांच्या या हॉगर्थ प्रेसचं प्रकाशन क्रमांक १. तीसेक पानं, सुमारे १५० प्रती, शिवण हाताची, चित्रं डोरा कॅरिंग्टनच्या लाकडी ठशांची, किंमत दीड शिलिंग.

एवढ्याशा पुस्तकात दोन अगदी वेगळ्या जातींच्या कथा शेजारी नांदतात. लेनर्डची ‘थ्री ज्यूज’ म्हणजे एका माणसानं दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट: माणसं, संवाद, प्रसंग, सगळं जागच्या जागी. व्हर्जिनियाच्या ‘द मार्क ऑन द वॉल’मध्ये मात्र जवळजवळ काहीच घडत नाही. भिंतीवर एक डाग दिसतो. बाई खुर्चीतून उठत नाही, नुसती विचार करते. खिळा असेल का? त्या एका प्रश्नावरून मन शेक्सपिअरपर्यंत, झाडांच्या गाभ्यापर्यंत भटकून येतं. शेवटी कळतं, ती गोगलगाय होती.

१९१५ साली आलेली व्हर्जिनियाची पहिली कादंबरी सावत्रभावाच्या प्रकाशनसंस्थेनं काढली होती. इथे मात्र लेखिका, प्रकाशक आणि जुळारी ती स्वतःच. गोष्टीत काही घडायलाच हवं, असं सांगणारं कुणी मध्ये उरलं नाही. छोट्या प्रेसची खरी ताकद ही! मनाच्या चालीनं चालणारं तिचं गद्य इथे मोकळं झालं आणि ‘जेकब्ज रूम’पासून तिच्या कादंबऱ्या याच प्रेसनं काढल्या.

१९२३ साली टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पुस्तकरूपात आली, तीही हॉगर्थ प्रेसकडूनच. तिचे खिळे जुळवले व्हर्जिनिया वुल्फनं, स्वतःच्या हातांनी.