टेक्सबरीचे निराधारगृह

हेलन केलरचे नाव तुम्ही ऐकले असेल. आंधळ्या व बहिऱ्या हेलनला ॲन सुलिव्हन या शिक्षिकेने लिहायला-वाचायला शिकवले. ही ॲन लहानपणी चार वर्षांहून अधिक काळ एका निराधारगृहात राहिली होती. उर्दूत अशा घराला आपण मोहताजखाना म्हणतो.

हे घर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टेक्सबरी या गावी होते. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले व मोठा दुष्काळ पडला. लाखो लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत आले. त्यांच्याजवळ ना पैसा होता, ना कोणाची ओळख. अशा गरिबांसाठी राज्य सरकारने १८५४ साली तीन निराधारगृहे उघडली. टेक्सबरीचे घर त्यांपैकी एक. ते ५०० माणसांसाठी बांधले होते. पण लवकरच तेथे फार गर्दी झाली. म्हातारे, आजारी, आंधळे, मनाने दुबळे आणि लहान मुले एकाच आवारात राहत.

फेब्रुवारी १८७६ मध्ये ॲन तेथे आली. ती नऊ वर्षांची होती. आई वारली होती आणि वडिलांनी मुलांना सोडले होते. डोळ्यांच्या रोगामुळे तिला नीट दिसत नव्हते. बरोबर धाकटा भाऊ जिमी होता. तो क्षयाने आजारी होता. काही महिन्यांतच तो तेथे मरण पावला. ॲन एकटी उरली.

१८८० साली काही अधिकारी पाहणीसाठी आले. त्यांत सॅनबॉर्न नावाचे गृहस्थ होते. ॲन त्यांच्या मागोमाग गेली आणि मला शाळेत जायचे आहे, असे तिने धीर करून सांगितले. त्याच वर्षी तिला बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत पाठवले. चौदाव्या वर्षी तिला वाचता येत नव्हते; १८८६ मध्ये ती वर्गात पहिली आली. पुढच्याच वर्षी, ३ मार्च १८८७ रोजी, ती हेलनच्या घरी पोहोचली.

१८८३ साली गव्हर्नर बटलर यांनी निराधारगृहाच्या कारभाराची चौकशी केली. पुढे तेथे रुग्णालय झाले. ते आजही चालू आहे. १८९४ च्या एका इमारतीत आरोग्याचे संग्रहालय आहे. तेथील जुन्या कबरस्तानात अनेक कबरींवर नाव नाही, फक्त आकडा आहे. ॲनला शाळा मिळाली नसती, तर तिचे नाव तरी आपल्याला कळले असते का?

शब्दार्थ : निराधार – बेसहारा, आवार – अहाता, पाहणी – मुआयना, चौकशी – तहकीकात.

स्वाध्याय : १. टेक्सबरीचे निराधारगृह का उघडले? २. ॲनने सॅनबॉर्न यांना काय सांगितले?