विस्मरण आणि लपवलेली ओळख

स्मृतिभ्रंशात अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात, जुन्या मागे राहतात. अमेरिकेत आज ऐंशीच्या घरात असलेल्या समलिंगी व्यक्तींच्या जुन्या आठवणी बहुधा लपूनछपून जगण्याच्या. तिथल्या मनोविकारांच्या यादीतून समलैंगिकता वगळली गेली तीच १९७३ मध्ये. अलीकडच्या आठवणी पुसल्या की आपण कोणाला काय सांगितले होते, याचाच घोळ होतो. तीस वर्षे सोबत असलेल्या जोडीदारणीची ओळख एखादी वृद्धा नर्ससमोर पुन्हा ‘मैत्रीण’ अशी करून देऊ लागते.

उत्तर कॅलिफोर्नियातील साठीपुढच्या ३,७१८ लैंगिक अल्पसंख्याकांच्या आरोग्यनोंदींत ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आढळला (२०१८). आकडा मोठा नाही. पण तो निदान झालेल्यांचाच. डॉक्टरांकडे जायलाच कचरणारे त्यात नाहीत.

अशा रुग्णांची शुश्रूषा बहुधा जोडीदार किंवा मित्रमंडळी करतात, तेही वयस्करच. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘आयडिया’ प्रकल्पात म्हणूनच रुग्ण आणि शुश्रूषा करणारा, दोघांना मिळून व्यायाम शिकवला जातो. न्यूयॉर्कची ‘सेज’ ही संस्था (स्थापना १९७८) वृद्धाश्रमांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. जोडीदाराशी लग्न झालेले नसल्यास वैद्यकीय निर्णयांचे मुखत्यारपत्र निदान होताच करून ठेवावे. समज हरपल्यावर केलेली सही कायद्यापुढे टिकत नाही.