हातचा कोठून येतो?

गेल्या श्रावणांतील गोष्ट. दुसरींत शिकणारी आमची नात माजघरांत वही पुढें घेऊन रडत बसली होती. ५२ मधून २७ वजा करावयाचे होते. तिनें उत्तर लिहिलें होतें ३५. शेजारींच चिरंजीवांनीं तिला आणून दिलेला टॅब पडला होता. त्यांतील याच जातीचीं दहा उदाहरणें तिनें नुकतींच बिनचूक सोडविलीं होतीं. "आजोबा, यांत बरोबर येतं, मग वहींतच कां चुकतं?" असें तिनें विचारलें, आणि मी निरुत्तर झालों.

तीस वर्षें मीं गणित शिकविलें, पण असें उत्तर दिसलें कीं लाल फुली मारावी आणि "लक्ष कुठें आहे?" म्हणून मुलाला दरडवावें, यापलीकडे मी क्वचितच गेलों. वस्तुतः येथें लक्ष नसतें असें नव्हे. 'मोठ्यांतून लहान वजा करावें' हें मुलानें आपल्याच तोंडून ऐकलेलें असतें. दोहोंतून सात जात नाहींत, म्हणून तें सातांतून दोन काढून पांच मांडतें. अमेरिकेंतील ब्राउन व बर्टन या संशोधकांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हेंच दाखविलें आहे, कीं वजाबाकींतील पुष्कळशा चुका धांदलीच्या नसून एखादी चुकीची रीत काटेकोरपणें पाळल्यामुळें होतात. त्यांच्या 'बगी' नांवाच्या खेळांत संगणक मुलाचें सोंग घेऊन चुके, आणि त्या चुकीमागील रीत शिक्षकानें ओळखावयाची असे. उमेदीच्या वयांत हा खेळ मला कोणी खेळावयास लाविला असता, तर किती फुल्या वांचल्या असत्या!

मग टॅबांत उत्तरें बरोबर कशीं आलीं? मीं तो खेळ स्वतः पाहिला. दशकाच्या दांड्यास बोट लागतांच तो आपोआप फुटे, सुटे ठोकळे एककाच्या घरांत जाऊन बसत, वरचा अंकही आपणच बदले. नातीनें करावयाचें तें यंत्रच करून मोकळें होई. तिला उरे केवळ मोजणी.

यंत्रालाच दोष देऊन मी थांबलों असतों. परंतु पुढें एकदां तिच्या वर्गांत बसण्याचा योग आला. तेथें स्पर्शानें चालणारा मोठा फळा आहे. त्यावर पांच दांडे व दोन ठोकळे मांडून बाईंनीं विचारलें, "सात ठोकळे काढायचे आहेत, सुटे दोनच आहेत, काय करूं या?" एका मुलानें पुढें येऊन एक दांडा फोडला. बाईंनीं तत्काळ वजाबाकी करूं दिली नाहीं. "आतां सगळे मिळून किती?" कित्येकांनीं "बासष्ट" म्हटलें! मोजून पाहिलें, तों बावन्नच: चार दशक आणि बारा एकक. हें पटल्यावर प्रत्येकानें वहींत पांच खोडून चार केले, दोहोंचे बारा केले, आणि उत्तर आलें २५. फळ्यावर एक कृति, लगेच वहींत तिची एक खूण, हा क्रम बाईंनीं एकदांही मोडला नाहीं.

घरींही हा क्रम पाळतां येतो. उदबत्तीच्या उरलेल्या काड्यांच्या दहा-दहांच्या जुड्या पुरेत. 'बावन्न' या शब्दांत पांच दशक ऐकूं येत नाहींत, म्हणून मुलाकडून 'पन्नास दोन' असेंही म्हणवून घ्यावें. २०१९ सालीं दुसरीच्या पाठ्यपुस्तकांत ही वाचनपद्धति आली तेव्हां मींही नाक मुरडलें होतें. आतां तिचा उपयोग कळतो.

वडीलधाऱ्यांस एक विनंति. वर दहा मिळवून खालच्या अंकास हातचा एक देण्याची रीत आपल्यापैकीं अनेकांस ठाऊक आहे. ती चुकीची नव्हे; दोन्ही संख्यांत दहा मिळविल्यानें त्यांतील अंतर तेंच राहतें. परंतु शाळेंत दशक सुटा करण्याची रीत चालूं असतां घरीं आजोबांनीं दुसरी व आत्यानें तिसरी सांगितली, तर लेकराचा गोंधळच व्हावयाचा.

त्याच संध्याकाळीं नातीपुढें मीं पांच जुड्या व दोन काड्या ठेवल्या. तिनें एक जुडी सोडली, सगळ्या काड्या मोजल्या, वहींत पांच खोडून चार केले. मग म्हणाली, "म्हणजे हातचा बाहेरून नाहीं आणायचा, आजोबा. तो आपलाच असतो." मग जुन्या पानावरील ३५ तिनें आपण होऊन खोडले. लाल पेन्सिल माझ्या खिशांतच राहिली.