बार्बाडोसएवढं उपनगर

२९ जून २०२४ रोजी बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माने ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर टी-ट्वेंटी विश्वचषक उचलला आणि बार्बाडोस हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. क्रिकेटवेड्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं, सोबर्स आणि मार्शलचं बेट म्हणून. या बेटाचं क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर. आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याचं ४४६. वांद्रे ते दहिसर आणि कुर्ला ते मुलुंड एवढ्या जमिनीत तिकडे एक अख्खा देश नांदतो.

त्या देशाची लोकसंख्या तीन लाखांहून कमी. त्यांच्या प्रतिनिधिगृहाची परंपरा १६३९ पासूनची, सदस्य ३०. शिवाय २१ जणांचं सिनेट. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ब्रिटनच्या राणीचं पद काढून त्यांनी प्रजासत्ताक आणलं, सँड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. कारभार हाकतात तो पंतप्रधान मिया मॉटली. गंमत अशी की या देशात नगरपालिकाच नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्थानिक संस्था मोडीत काढल्या. कचरा, पाणी, रस्ते सगळं राष्ट्रीय सरकारच्या गळ्यात. नळ कोरडा राहिला तर बोल मंत्र्यालाच लागतो.

आता आपलं बघा. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्यात ९३ लाख ५६ हजार माणसं होती, म्हणजे बार्बाडोसच्या तिसाहून अधिक पट. आमदार २६. एकेका आमदाराच्या वाट्याला सरासरी साडेतीन लाखांवर लोक, म्हणजे एका बार्बाडोसहून जास्त! पण या २६ जणांचं उपनगराचं असं स्वतंत्र सभागृह नाही. २८८ जणांच्या विधानसभेत ते विखुरलेले असतात.

मुळात हा भाग साष्टी बेटाचा. १७३९ पर्यंत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो बळकावला. १९२० साली ठाण्यातून वेगळा काढून त्याचा जिल्हा केला. पुढे १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरं महापालिकेत आली. आजचा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० चा. तालुके तीन: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. त्यातलं कुर्ल्याचं तहसील कार्यालय मुलुंडला आहे, याचं नवल कुर्लेकरांनी कधीच सोडून दिलं.

जिल्हा आहे, पण जिल्हा परिषद नाही. जिल्हाधिकारी वांद्रे पूर्वेला बसतात. सातबारा, उत्पन्नाचा नि जातीचा दाखला, सरकारी जमिनी हा त्यांचा प्रांत. त्याच वांद्रे पूर्वेत म्हाडा आहे, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे, आणि थोडं पुढे बीकेसीत एमएमआरडीए. पालकमंत्री सध्या आशिष शेलार. त्यांच्या हाती जिल्हा नियोजन समितीचा निधी. लोकल चालते दिल्लीच्या हुकमाने. आणि रोजचं जगणं महापालिकेच्या वॉर्डात: अंधेरी पश्चिम के वेस्ट, बोरिवली आर सेंट्रल, घाटकोपर एन, मुलुंड टी. लोक आपला पत्ता सांगतात स्टेशनाच्या नावाने आणि तक्रार करतात या अक्षरांकडे. तीही चुकीच्या दारी जाऊ शकते. पश्चिम द्रुतगती महामार्गावरचा खड्डा २०२२ पर्यंत एमएमआरडीएचा होता, मग तो महापालिकेचा झाला. खड्ड्याला अर्थात त्याचं सोयरसुतक नव्हतं.

महापालिकेतही खरी सत्ता महापौराकडे नाही. १८८८ च्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे दिले आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाने चालवली. एखाद्या देशाची संसद इतका काळ रिकामी राहिली असती तर जगभर बोंब झाली असती. इथे आपण गप्प बसलो, कारण नगरसेवक नसण्याची उणीव फारशी जाणवलीच नाही. मला रिकाम्या सभागृहापेक्षा ही न जाणवलेली उणीव अधिक गंभीर वाटते.

बार्बाडोसचं कौतुक करताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. २०१८ मध्ये मॉटलींच्या पक्षाने तीसच्या तीस जागा जिंकल्या, २०२२ मध्ये पुन्हा तेच. २०१८ नंतर सत्ताधाऱ्यांतलाच एक जण बाकं बदलून विरोधी पक्षनेता झाला. छोट्या बेटावर सगळी सत्ता एका जागी आली की असंही होतं. पण तिथल्या मतदाराला एक गोष्ट पक्की माहीत असते: बिघडलं तर कुणाला घरी पाठवायचं.

आपल्याला ती सोय हवी असेल तर स्वतंत्र सरकार मागायची गरज नाही. त्या त्या भागातल्या मतदारांनी एकत्र बसायची क्षेत्रसभा २००९ सालीच राज्याच्या कायद्यात आली. मुंबईत ती कागदावरच राहिली. नवे नगरसेवक आता निवडून आले आहेत. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला गाठा आणि विचारा, आमची क्षेत्रसभा कधी भरवताय?