शिकाऊ उमेदवारी विद्यापीठातही

शिकाऊ उमेदवार म्हटले की सोलापूरकरांना आयटीआय आणि कारखाना आठवतो. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही ही वाट खुली झाली. २००४मध्ये स्थापन झालेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठासारख्या संस्थेत ग्रंथालय, लेखा, परीक्षा ही कामे प्रत्यक्ष करूनच शिकावी लागतात.

भारतात उमेदवार प्रशिक्षणार्थी असतो, कर्मचारी नव्हे.

ब्रिटनमध्ये मात्र नोकरीतल्यांनाही उमेदवारी करता येते. वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून अधिक असलेल्या संस्थांना एप्रिल २०१७पासून ०.५ टक्के आकार भरावा लागतो. त्या निधीतूनच विद्यापीठे आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतात.

आपल्याकडे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र उचलते. विद्यापीठांनी या सवलतीचा लाभ जरूर घ्यावा.